कालबाह्य ऑपरेटिंग सिस्टिम आणि मराठी मजकूर : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या सीमेवर चोरखमारा हे गाव आहे. ब्रिटिशकाळात बांधला गेलेला जलाशय आणि अभयारण्याचे प्रवेशद्वार यांमुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. समजा, या परिसरातील तलावांवर संशोधन करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला वीस वर्षांपूर्वी छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकाची मूळ संगणकीय फाइल मुद्रकाकडून मिळाली. फाइल पेजमेकरची असल्याने आजच्या संगणकावर ती सहजासहजी उघडणार नाही. तरी खटपट करून तिच्यातील मजकूर बाहेर काढला आणि शोधपेटीत ‘चोरखमारा’ हे नाव टंकलिखित केले, तर संगणक ‘सापडले नाही’ असे उत्तर देईल. पुस्तकात ते नाव पानोपानी असले तरी उत्तर तेच येईल.

संगणकाचे हे उत्तर चुकीचे नसते. पुस्तक कृतिदेव फाँटमध्ये जुळवलेले असेल, तर त्या फाइलमध्ये ‘चोरखमारा’ हा शब्द खरोखरच नसतो. त्याच्या जागी रोमन लिपीतील पी, के, एस, जे ही अक्षरे, मग चौकोनी कंसाची डावी बाजू आणि पुन्हा के, ई, के, जे, के अशी दहा चिन्हे साठवलेली असतात. संगणकावर कृतिदेव फाँट असला तरच या दहा चिन्हांतून डोळ्यांना चोरखमारा दिसते. फाँट काढून घेतला की गाव नाहीसे होते आणि अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उरते. युनिकोडमध्ये हेच नाव आठ संकेतांनी लिहिले जाते व प्रत्येक संकेत विशिष्ट देवनागरी वर्ण किंवा स्वरचिन्ह म्हणून जगभर ओळखला जातो.

लहान शहरांतील अक्षरजुळणीच्या दुकानांत आणि मुद्रणालयांत एखादा विंडोज एक्सपीचा, क्वचित विंडोज ९८ चासुद्धा, संगणक अजूनही निगुतीने चालू ठेवलेला आढळतो, यामागील कारण येथे आहे. या प्रथेकडे मागासलेपणाचे लक्षण म्हणून पाहण्याची सवय शिक्षित वर्गाला लागली आहे. ही दृष्टी अपुरी असून प्रश्नाचे मूळ यंत्रात नाही, ते मराठी मजकूर साठवण्याच्या पद्धतीत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. सुमारे १९९० ते २०१० या दोन दशकांत मराठीत जे छापले गेले, त्याच्या संगणकीय प्रतीचा एकमेव खात्रीचा वाचक आज हा जुना संगणक आहे.

खिळ्यांची केस आणि फाँट

शिशाच्या खिळ्यांनी मजकूर जुळवण्याच्या काळात जुळाऱ्यासमोर लाकडी केस असे. तिच्या खणांत अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, रफार असे तुकडे ठेवलेले असत. जुळाऱ्याला शब्दाचे वर्णक्रमाने ज्ञान असणे आवश्यक नव्हते. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी बसवला की कागदावर योग्य आकृती उमटते, एवढे त्याच्या हाताला ठाऊक असले की पुरे. जुने संगणकीय फाँट हे तत्त्वतः याच केसचे संगणकातील रूप होय. एका फाँटमध्ये एकूण २५६ स्थाने आणि त्यांपैकी वापरण्याजोगी दोनशेहून थोडी अधिक. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या या खणांत देवनागरीचे तुकडे भरले गेले. कोणत्या खणात कोणता तुकडा ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे आयएसएम आणि मध्यप्रदेशला लागून असल्यामुळे आपल्या भागात हिंदीबरोबर आलेला कृतिदेव, अशा प्रत्येकाची केस निराळी होती. श्रीलिपीत जुळवलेली ओळ कृतिदेवमध्ये वाचता येत नसे आणि कृतिदेवची आकृतीत.

हे अपरिहार्य होते काय, असा प्रश्न विचारला पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते. त्यात आकृतीचे तुकडे साठवले जात नसून वर्ण साठवले जात, तेही उच्चाराच्या क्रमाने. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान डॉसच्या काळात याच तत्त्वावर चालत असे. म्हणजे डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी मजकूर हा मजकूर होता. विंडोज आणि पेजमेकर आल्यावर पान देखणे झाले, अक्षरांचे वळण सुधारले, पण मजकुराचे पुन्हा खिळे झाले. संगणकाचा इतिहास सामान्यतः सरळ प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. मराठीपुरते पाहता डॉसकडून विंडोजकडे जाताना एक पाऊल मागे पडले, असे म्हणावे लागेल. कंपन्यांच्या व्यावसायिक हिताचा भागही यात होता. एकदा एका कंपनीच्या फाँटमध्ये दहा पुस्तके जुळवली की ग्राहक दुसरीकडे जाणे कठीण होते.

एक्सपीचा विरोधाभास

ज्या विंडोज एक्सपीला आज कालबाह्य म्हटले जाते, त्याच प्रणालीत मराठीसाठी युनिकोडची सोय होती, ही बाब या चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच आधारलेली आहे. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये आणि २००१ च्या एक्सपीमध्ये देवनागरीचा आधार आणि ‘मंगल’ हा फाँट देण्यात आला. हा फाँट घडवणारे र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे सुलेखनकार आणि मराठीतील प्रयोगशील कवी होते. म्हणजे एका मराठी कवीने घडवलेली अक्षरे त्या प्रणालीत होती. मात्र ती वापरात आणण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे आणि एक्सपीची मूळ सीडी यंत्रात घालावी लागे. ही चौकट अनेक संगणकांवर कोणी उघडलीच नाही.

तथापि येथे दोष केवळ वापरणाऱ्याच्या पदरी घालणे अन्यायाचे ठरेल. मुद्रणव्यवसायाचे काम पेजमेकरवर चालत होते आणि पेजमेकरला युनिकोड कधीच समजला नाही. १९८५ मध्ये अल्डस कंपनीने आणलेले हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये ॲडोबीकडे आले, त्याची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि २००४ नंतर त्याचा विकास थांबला. त्याची जागा घेण्यासाठी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी उघडपणे उपलब्ध झाली ती २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीत. तत्पूर्वी त्यात युनिकोड मराठी मजकूर टाकला की वेलांटी भलत्या ठिकाणी जाई आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. म्हणजे एक्सपी आले २००१ मध्ये आणि व्यावसायिक पानजुळणीत युनिकोड मराठीची वाट मोकळी झाली २०१२ मध्ये. मधल्या ११ वर्षांत मुद्रकाने काय करावयाचे होते, याचे उत्तर त्याला नावे ठेवणाऱ्यांनी दिले पाहिजे. वाट मोकळी झाल्यावर लगेच २०१३ मध्ये ॲडोबीने आपली नवी सॉफ्टवेअरे वर्गणीवर देण्याचे धोरण जाहीर केले. लग्नपत्रिका, बिलबुके, निवडणुकीची पत्रके आणि वर्षाकाठी दोन-चार पुस्तके यांवर चालणाऱ्या तालुक्याच्या दुकानाला ही वर्गणी जड होती. (पेजमेकरचा तरी अधिकृत परवाना किती दुकानांकडे होता, हा प्रश्न येथे न काढलेला बरा.)

सौंदर्यदृष्टीचाही प्रश्न होता. पडद्यासाठी घडवलेला मंगल कागदावर विरळ आणि रोडका दिसतो. त्या तुलनेत जुन्या कंपन्यांच्या फाँटमध्ये मराठी वळणाचा ल आणि श, उभ्या मांडणीची जोडाक्षरे, ठसठशीत शिरोरेघा हे सर्व होते. मराठी वळणाच्या ल आणि श यांना राज्यशासनाने वर्णमालेसंबंधीच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण मानले, परंतु ते वळण देणारे चांगले युनिकोड फाँट मुद्रकाच्या हाती पडायला आणखी काळ जावा लागला. पुढे राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू, एक टाइपचा मुक्त असे फाँट विनामूल्य उपलब्ध झाले. तोपर्यंत मुद्रकाने जुने फाँट सोडले नाहीत, यात त्याचा आळस जितका होता तितकीच त्याची नजरही होती.

यंत्र चालू ठेवण्याचा खटाटोप

एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. त्यानंतर असा संगणक चालू ठेवणे हे एक स्वतंत्र कौशल्य झाले आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते. हार्ड डिस्क बदलावी तर नव्या धाटणीच्या डिस्कशी बोलण्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या मूळ सीडीत नसतो. बायोसमध्ये जाऊन डिस्क जुन्या पद्धतीने ओळखली जाईल अशी व्यवस्था न केल्यास स्थापना अर्ध्यावर निळ्या पडद्यावर थांबते. नव्या प्रिंटरचे ड्रायव्हर एक्सपीसाठी निघत नाहीत, म्हणून ट्रेसिंग काढण्यासाठी जुना लेसर प्रिंटरही सांभाळावा लागतो. गुगल क्रोमने २०१६ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१८ मध्ये एक्सपीची साथ सोडली. त्यामुळे असा संगणक इंटरनेटला जोडणे धोक्याचे ठरते. तो न जोडता मजकूर पेन ड्राइव्हने आणावा, तर पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस येतो.

सर्वांत अवघड भाग हार्डवेअर लॉकचा. भारतीय भाषांच्या काही सॉफ्टवेअरसोबत एक लहान लॉक येत असे. जुने लॉक प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये बसत. आजच्या संगणकांवर तो पोर्टच नाही. लॉक हरवले, तर परवाना असूनही सॉफ्टवेअर चालत नाही. मग एका बंद पडलेल्या संगणकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून एक यंत्र जिवंत ठेवले जाते. पुढचा मार्गही अरुंद होत चालला आहे. २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ केवळ ६४ बिटचे आहे आणि ६४ बिटचे विंडोज १६ बिटचे कार्यक्रम मुळीच चालवत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे ज्यांनी मधला मार्ग म्हणून ३२ बिटच्या विंडोज १० चा आधार घेतला, तेही आता त्याच पंगतीत येऊन बसले आहेत.

अशी वेळ केवळ तिरोड्याच्या किंवा गोंदियाच्या दुकानावर आलेली नाही. भारतातील एटीएम यंत्रे एक्सपीवर चालत असल्याने रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना जून २०१९ पर्यंतची मुदत घालून द्यावी लागली. अमेरिकेच्या नौदलाने एक्सपीचे संरक्षण पुढे चालू राहावे म्हणून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी सुमारे ९१ लाख डॉलरचा करार केला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’चा उपद्रव झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी पुन्हा दुरुस्ती काढावी लागली. फरक इतकाच की नौदल पैसे मोजू शकते.

या संदर्भात आणखी एक उदाहरण वारंवार दिले जाते. इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन हे डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० या सॉफ्टवेअरमध्ये लेखन करतात, असे त्यांनी २०१४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले. हे उदाहरण लेखकाच्या विक्षिप्तपणाचे म्हणून रंगवून सांगितले जाते. मराठीच्या संदर्भात त्याचा अर्थ वेगळा आहे. वर्डस्टारच्या फाइलमध्ये काही शब्दांच्या शेवटच्या अक्षराची किरकोळ खोड सोडली, तर इंग्रजी अक्षरे इंग्रजी अक्षरे म्हणूनच साठवलेली असतात. मार्टिन यांचा जुना संगणक उद्या बंद पडला तरी त्यांची कादंबरी कोणत्याही यंत्रावर वाचता येईल. त्यांच्यासाठी जुने यंत्र ही आवड आहे. मराठी मुद्रकाच्या बाबतीत यंत्र गेले की मजकूर जातो.

रूपांतर आणि पाठचिकित्सा

यावर ‘फाँट कन्व्हर्टर वापरा’ असे उत्तर दिले जाते. असे कन्व्हर्टर अनेक आहेत आणि उपयुक्तही आहेत. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे प्रत करणाऱ्या लेखनिकाकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. हस्तलिखितांच्या नकला करताना लेखनिकांच्या हातून ठरावीक प्रकारच्या चुका होत आणि त्या ओळखून मूळ पाठ निश्चित करणे हे पाठचिकित्सेचे काम असे. कन्व्हर्टरच्याही चुका ठरावीक असतात.

आपल्याच जिल्ह्यातील तालुक्याचे नाव घेऊ. ‘अर्जुनी’ या शब्दात उच्चाराने र् आधी येतो व ज नंतर. युनिकोडमध्येही तोच क्रम असतो. जुन्या फाँटमध्ये मात्र आधी ज, मग उकार आणि शेवटी डोक्यावरचा रफार, असा डोळ्यांना दिसणारा क्रम असतो. कन्व्हर्टरने रफार उचलून मागे नेला नाही, तर शब्द ‘अजुर्नी’ होतो. ‘तिरोडा’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये त च्या आधी साठवलेली असते; ती पुढे सरकली नाही तर योग्य अक्षरावर बसत नाही. या चुका निदान डोळ्यांना खुपतात. न खुपणाऱ्या चुका अधिक घातक होत. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, हा भेद केवळ र च्या रूपावर उभा आहे. हिंदीसाठी घडलेल्या व्यवस्थेतून मजकूर मराठीत आणताना ‘ऱ्य’चा ‘र्य’ होण्याची शक्यता असते आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर तक्रार करीत नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच गत आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी अ आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडून ते लिहिले जाई आणि आजही लिहिले जाते. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. एक शोधले तर दुसरे सापडत नाही. युनिकोड म्हणजे सर्व प्रश्नांचा शेवट, असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

झाडीपट्टीतील लेखनासाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून झाडीबोलीच्या अभ्यासाला आणि लेखनाला चालना मिळाली. या बोलीतील कवितासंग्रह, कथा, दंडारीचे व लोकगीतांचे संकलन असे साहित्य प्रायः लहान प्रकाशनांनी, मर्यादित प्रतींत काढले. या बोलीत प्रमाण मराठीतील ण च्या जागी न येतो. त्यामुळे ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कोणी’चे ‘कोनी’ होते. आता रूपांतरित मजकुरात ‘पानी’ आढळले, तर ते बोलीचे रूप आहे की कन्व्हर्टरची चूक, हे बाहेरच्या मुद्रितशोधकाला सांगता येणार नाही. तो सद्भावनेने ‘पाणी’ करील आणि एका ओळीपुरती बोली पुसली जाईल. अशा मजकुराचे रूपांतर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून, बोली जाणणाऱ्या माणसाकडूनच तपासले गेले पाहिजे. ही माणसे आज उपलब्ध आहेत.

मराठीला अशा कुलूपबंद वाङ्मयाचा पूर्वानुभव आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. त्यामुळे मराठीतील आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्याकडे लक्ष वेधले, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणीच बदलली. परंतु महानुभावांनी आपले ग्रंथ हेतुपुरस्सर सांकेतिक केले होते आणि त्या संकेतांची किल्ली पंथात जपून ठेवली होती. आपण मात्र दोन दशकांचे लेखन नकळत सांकेतिक करून ठेवले आणि किल्ली तालुक्याच्या दुकानातील एका यंत्रावर सोडून दिली. राजवाडे-भाव्यांपुढे निदान कागद होता. येथे छापील प्रत उरली असेल तर ठीक. ज्या स्मरणिका, अहवाल आणि पुस्तिका शंभर-दीडशे प्रतींच्या पुढे गेल्या नाहीत, त्यांच्या बाबतीत फाइल हीच प्रत होय. क्वचित असेही घडते की फाइलचे रूपांतर करण्यापेक्षा छापील पान स्कॅन करून त्यावरून अक्षरे ओळखवून घेणे अधिक भरवशाचे ठरते. संगणकावर जन्मलेला मजकूर वाचवण्यासाठी त्याचा कागदावरून फोटो काढावा लागावा, हे विलक्षणच.

विद्यापीठीय व्यवहार

या प्रश्नात मुद्रकाइतकाच वाटा महाविद्यालयीन जगाचा आहे. मराठी शोधनिबंध मागवणाऱ्या नियतकालिकांच्या आवाहनांत ‘लेख अमुक फाँटमध्येच पाठवावा’ ही अट वर्षानुवर्षे छापली जात असे आणि काही ठिकाणी अद्यापही छापली जाते. एकाच प्राध्यापकाचा एक लेख कृतिदेवमध्ये, दुसरा श्रीलिपीत, तिसरा सी-डॅकच्या सुरेखमध्ये, अशी विभागणी त्यामुळे झाली. पदोन्नतीच्या वेळी लेखांची यादी तयार होते, पण त्यातील मजकूर खुद्द लेखकालाही आपल्या संगणकावर वाचता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने एम.फिल. आणि पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेटकडे देणे बंधनकारक केले. त्यातून ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. उद्देश स्तुत्य आहे. परंतु जुन्या फाँटमधून केलेल्या पीडीएफमध्ये पान दिसते, मजकूर शोधता येत नाही. एखाद्या परिच्छेदाची नक्कल घेऊन दुसरीकडे चिकटवली की पुन्हा तीच रोमन अक्षरांची रांग हाती येते. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम आले आणि प्रबंधांची संगणकीय तपासणी सर्वत्र सुरू झाली. तपासणारे सॉफ्टवेअर संकेतांची संकेतांशी तुलना करते. कृतिदेवमधील प्रबंध आणि श्रीलिपीतील प्रबंध शब्दशः एकच असले, तरी त्याच्या लेखी त्यांत काहीही साम्य नाही. त्याने दिलेल्या अल्प टक्केवारीवर विसंबून मराठी प्रबंधाच्या स्वतंत्रतेची ग्वाही देणे, हे त्या सॉफ्टवेअरवर आणि संशोधकावरही अन्याय करणारे आहे. प्रामाणिक संशोधकाला या टक्केवारीतून श्रेय मिळत नाही. अप्रामाणिकाला ती आयते संरक्षण देते.

जतनाचे दोन मार्ग

डिजिटल जतनाच्या शास्त्रात दोन मार्ग मानले जातात. एक स्थलांतराचा, म्हणजे मजकूर नव्या संकेतनात आणण्याचा. दुसरा अनुकरणाचा, म्हणजे नव्या यंत्रात जुने यंत्र आभासी स्वरूपात उभे करण्याचा. अमेरिकन संशोधक जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५ पासून, आणि विशेषतः १९९९ च्या आपल्या अहवालात, दुसऱ्या मार्गाचा आग्रहाने पुरस्कार केला. त्यांच्या मते मजकुराचे मूळ रूप कळण्यासाठी मूळ सॉफ्टवेअरच चालवता आले पाहिजे. मराठीच्या अनुभवाने या मताला बळ मिळते, पण त्यात दुरुस्तीही करावी लागते. आभासी एक्सपीत पेजमेकर चालवला तर पान जसेच्या तसे दिसते, रफार कोठे होता हे कळते, बोलीचे रूप पडताळता येते. मात्र त्या पानातील मजकूर शोधता येत नाही तो नाहीच. म्हणून आभासी यंत्र हे येथे साध्य ठरू शकत नाही. स्थलांतरित पाठ ज्याच्याशी ताडून पाहावा अशी ती आदर्श प्रत होय. जुने यंत्र चालू ठेवण्याचा खटाटोप तेवढ्यापुरता समर्थनीय ठरतो. नवी पुस्तके त्यावर जुळवीत राहण्याला मात्र आज समर्थन उरलेले नाही.

हे काम करण्यास महाविद्यालयाची ग्रंथालये सर्वांत सोयीची आहेत. आभासी यंत्र चालवणारी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात आणि एक्सपी, पेजमेकर व फाँट मिळून होणारे सर्व सामान एका पेन ड्राइव्हवर मावते. अडचण वेगळीच आहे. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे दुकानाचे नाव असते, परंतु फाँट कोणता, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, याची नोंद नसते. ही नोंद नसल्यास कोणता कन्व्हर्टर लावायचा हेही ठरवता येत नाही. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा प्रकाशकाकडून छापील प्रत मागतो. फाइल कोणाकडे जमा होत नाही. ती दुकानात राहते. दुकान बंद झाले किंवा नव्या पिढीने मोबाइल दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला की हार्ड डिस्क भंगारात जाते. प्राध्यापकांनी आपापल्या पुस्तकांच्या आणि वार्षिकांकांच्या फाइली मुद्रकाकडून मागून घेताना त्यांच्यासोबत फाँटची फाइल आणि आवृत्तीचे नाव मागितले, तर पुढील अर्धे काम होईल. लॉक लागणारे सॉफ्टवेअर असेल, तर यंत्र चालू असेपर्यंत त्यातूनच पीडीएफ आणि शक्य तेथे इस्की किंवा युनिकोड प्रत काढून घेणे इष्ट.

कायद्याची बाजूही तपासली पाहिजे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील पुस्तक जतनासाठी संगणकीय रूपात साठवता येते. त्यामुळे चोरखमाऱ्याचा उल्लेख असलेले पुस्तक ग्रंथालयात असेल, तर ते स्कॅन करून ठेवण्यास अडचण दिसत नाही. परंतु ते पुस्तक ज्या फाँटमध्ये जुळवले तो फाँट आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवले ते सॉफ्टवेअर यांची प्रत जतनासाठी ठेवता येईल असे त्या तरतुदीत स्पष्टपणे म्हटलेले नाही. ज्या कंपन्यांनी आपल्या जुन्या फाँटची विक्री केव्हाच थांबवली आहे, त्यांनी निदान त्यांचे संकेततक्ते ग्रंथालयांना खुले करावेत, अशी मागणी विद्यापीठांच्या मराठी अभ्यासमंडळांकडून लेखी स्वरूपात जाणे आवश्यक आहे.